साथीच्या दिवसांत दवाखाना: कधी जावे, कधी थांबावे?

साथ आली की दवाखान्याविषयी दोन भीती मनात एकाच वेळी उभ्या राहतात. एक म्हणते, ‘दवाखान्यात गेलो तर तेथूनच रोग घरी आणीन.’ दुसरी म्हणते, ‘घरी बसलो तर असलेले दुखणे वाढेल.’ या दोन्ही भीती खऱ्या आहेत. पण साथीच्या काळात पहिलीचा आवाज मोठा असतो. रेडिओ, टीव्ही, मोबाईल, पारावरच्या गप्पा, सगळीकडे तीच बोलते. दुसरी हळू बोलते आणि बहुधा तिचे ऐकायला उशीर होतो. म्हणून या दोघींना एका तराजूत कसे तोलावे, याचा विचार आज करू.

कोणी विचारील, आता हा विषय कशाला? कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले, हे खरे. पण बियाण्याची चौकशी आपण पाऊस पडल्यावर करत नाही, आधी करतो. २००९ साली स्वाइन फ्लू आला, २०२० साली कोरोना आला. पुढची साथ केव्हा येईल ते कोणालाच माहीत नाही. ती आल्यावर घाबरलेल्या मनाने घेतलेल्या निर्णयापेक्षा आज शांतपणे केलेला विचार अधिक उपयोगी पडेल.

घरी राहिलेल्यांचे काय झाले?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. बस बंद, रेल्वे बंद. पुष्कळ ठिकाणी बाह्यरुग्ण विभागही बंद किंवा अर्धवट चालू. आपल्या सीमाभागात तर जिल्ह्याची आणि राज्याची हद्द ओलांडणे हाच एक प्रश्न होऊन बसला. तेव्हा जे दवाखान्यात गेले नाहीत ते सगळे भीतीने गेले नाहीत असे नाही. कित्येकांना वाटच नव्हती. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पण परिणाम काय झाला ते पाहिले पाहिजे.

क्षयरोगाचे उदाहरण घ्या. २०१९ साली आपल्या देशात क्षयाच्या सुमारे २४ लाख रोग्यांची नोंद झाली होती. २०२० साली ती १८ लाखांवर आली. रोग कमी झाला म्हणून आकडा घटला का? नाही. रोगी घरीच राहिले, थुंकीची तपासणी झाली नाही, औषध सुरू झाले नाही, आणि घरातल्या मुलाबाळांना जंतू मिळत राहिले. त्या वर्षी जगात क्षयाने सुमारे १५ लाख माणसे दगावली. दहा वर्षांहून अधिक काळ घटत आलेली ही मृत्यूंची संख्या त्या वर्षी पुन्हा वाढली.

लहान मुलांच्या लसींचेही तेच झाले. २०२० साली जगात २ कोटी ३० लाख बालकांच्या नेहमीच्या लसी चुकल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२१ साली दिला. आदल्या वर्षापेक्षा हा आकडा ३७ लाखांनी जास्त होता. आणि सर्वात मोठी वाढ आपल्या देशात होती. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५५ देशांची पाहणी केली. त्यांतील अर्ध्याहून अधिक देशांत रक्तदाबाचे उपचार आणि जवळजवळ अर्ध्या देशांत मधुमेहाचे उपचार विस्कळीत झाले होते.

कोरोनाआधीही असे घडले होते. २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत इबोलाची साथ आली. तिने ११ हजारांहून अधिक बळी घेतले. पण दवाखाने ओस पडल्यामुळे हिवताप, क्षय, एड्स अशा जुन्याच रोगांनी जे जादा मृत्यू झाले, त्यांची संख्याही जवळजवळ तितकीच असावी, असे अभ्यासकांनी मांडले. एका साथीच्या आड दुसरी साथ चालू होती. तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

विचारायचा पहिला प्रश्न

मग काहीही झाले तरी दवाखान्यात जावेच, असा याचा अर्थ का? तसेही नव्हे. जावे की न जावे यापेक्षा आधी हे विचारावे: ‘थांबलो तर काय हरवेल, आणि हरवलेले पुन्हा मिळेल का?’

शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नाही. कुंपणाची दुरुस्ती पंधरा दिवस पुढे गेली तर बिघडत नाही. पण भातावर करपा दिसला आणि फवारणी पंधरा दिवस लांबली, तर ते पीक परत मिळत नाही. २०२२ साली जनावरांत लम्पी रोग पसरला तेव्हा जनावरांचे बाजार बंद राहिले, आणि ते योग्यच होते. पण म्हणून अडलेल्या गाईसाठी डॉक्टरांना बोलवायचे आपण थांबलो नाही. बाजार टाळावा, पण अडलेली गाय सोडू नये, हा विवेक गोठ्यात सहज सुचतो. तोच घरात सुचायला हवा.

म्हणून दुखण्यांचे तीन ढीग करावेत.

पहिला ढीग: आत्ताच्या आत्ता निघावे

यात साथीचा विचारच करू नये. उशिराचा धोका संसर्गाच्या धोक्याहून कितीतरी मोठा असतो.

१. छातीत दाबल्यासारखे दुखणे, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे, दरदरून घाम. ‘सकाळपर्यंत बघू’ हे दोन शब्द येथे जीव घेतात.

२. एकाएकी तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यात शहरापर्यंतची वाट आणि तपासणी हेही आलेच.

३. गरोदर बाईला रक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज, पाणी जाणे, किंवा पोटातल्या बाळाची हालचाल कमी होणे. बाळंतपण साथीसाठी थांबत नाही.

४. लहान मूल दूध-पाणी घेत नसेल, निपचित पडले असेल, झटके येत असतील, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल.

५. सर्पदंश. आपल्या देशात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मरतात असा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतलीच. चिरा देऊ नये, आवळून बांधू नये. अंगठी, बांगडी काढावी, चावलेला हात किंवा पाय हलवू न देता प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यावे.

६. फवारणीनंतर घाम, लाळ, अंधुक दिसणे, धाप. अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचा कागद डॉक्टरांकडे न्यावा.

७. कुत्रा चावणे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. पुढच्या लसीही ठरल्या दिवशीच घ्याव्यात. हा रोग एकदा उठला की त्यावर इलाज नाही.

येथे एक गोष्ट विशेष सांगायची आहे. साथीच्या काळात प्रत्येक ताप आणि प्रत्येक धाप साथीचीच, असे धरून चालण्याची सवय लागते. आपल्या भागात ते फार धोक्याचे आहे. पावसाळ्यात शेतात अनवाणी चिखलणी करणाऱ्याला लेप्टो होऊ शकतो. डेंग्यू आहे, हिवताप आहे. काजू गोळा करण्याच्या दिवसांत रानात जाणाऱ्यांना गोचिडांमुळे माकडताप होतो. २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात आढळला. या प्रत्येकाची तपासणी वेगळी, इलाज वेगळा. ‘साथीचाच ताप आहे, चौदा दिवस घरात बसतो’ असे स्वतःच ठरवून बसलेला माणूस लेप्टोने मरू शकतो. तापाच्या रोग्याने आपण शेतात, रानात काय काम केले ते डॉक्टरांना आपणहून सांगावे.

दुसरा ढीग: ठरल्या दिवशी जावेच

ही दुखणी आज रात्रीत जीव घेत नाहीत, पण तारीख चुकली की हळूहळू घेतात.

क्षयाचे औषध यात पहिले. साध्या क्षयाचे औषध सहसा सहा महिने चालते. मध्येच सोडले तर जंतू मरत नाहीत, उलट औषधाला न जुमानणारे होतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर साथीच्या तपासणीबरोबर क्षयाचीही तपासणी मागावी.

डायलिसिसवरचा रोगी, कॅन्सरचे इंजेक्शन चालू असलेला रोगी, यांनी आपल्या मनाने एकही फेरी चुकवू नये. कॅन्सरचे डॉक्टर कधी कधी स्वतःच तारीख पुढे ढकलतात, कारण उपचाराने अंगातली ताकद कमी झालेली असते. पण तो निर्णय त्यांचा.

गरोदरपणातल्या तपासण्या यातच येतात. सगळे ठीक असले तर एखादी भेट फोनवर होऊ शकेल. पण रक्तदाब, रक्त, लघवी आणि बाळाची वाढ फोनवर तपासता येत नाही. तायी कार्डावर लिहिलेल्या तारखा आशाताईंना विचारून पक्क्या कराव्यात.

बाळाच्या लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी, आणि गोवराची नऊ महिने पूर्ण झाल्यावर. गोवर हा कोरोनाहूनही वेगाने पसरणारा रोग आहे. तारीख चुकलीच तर ‘आता काय उपयोग’ असे म्हणू नये. चुकलेली लस पुढे देता येते आणि बहुतेक लसी पहिल्यापासून सुरू कराव्या लागत नाहीत.

बी.पी., साखर, फिट, दमा आणि मनाच्या आजाराची औषधे संपण्याआधीच आणावीत. तपासणी एखादा महिना मागे-पुढे झाली तर चालेल, गोळी चुकलेली चालणार नाही.

तिसरा ढीग: थांबता येते, पण विचारून

चष्म्याचा नंबर, दातांची सफाई, कवळी, दुखत नसलेला जुना हर्निया, सावकाश वाढणारा मोतीबिंदू, वर्षाची नेहमीची तपासणी. साथ जोरात असेल तर ही कामे पुढे ढकलावीत. त्यात आपलेही भले आणि डॉक्टरांचेही, कारण त्यांचे हात तेव्हा भरलेले असतात. हर्निया अडकून दुखू लागला किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर मात्र ते दुखणे पहिल्या ढिगात गेले असे समजावे.

याच ढिगात आपल्याकडच्या दोन सवयी घालाव्यात. अशक्तपणा वाटतो म्हणून जाऊन एक सलाईन लावून घेणे ही पहिली. आजाऱ्याला बघायला गाडी भरून जाणे ही दुसरी. माया चांगली, पण साथीत ती फोनवरून दाखवावी आणि त्याच्या घरच्यांचे दूध काढून, गुरांना वैरण घालून दाखवावी.

थांबायचे ठरवले तर थांबण्याची तारीखही ठरवावी. ‘साथ गेल्यावर बघू’ ही तारीख नव्हे. घरच्या कॅलेंडरवर दीड-दोन महिन्यांनंतरच्या दिवसावर खूण करून त्या दिवशी पुन्हा विचार करावा. कोरोनात पुढे ढकललेल्या कित्येक भेटी पुढे कधी झाल्याच नाहीत.

जायचे ठरले तर धोका कसा कमी करावा?

कोरोनाच्या सुरुवातीला आपण भाजी धुतली, नोटा उन्हात वाळवल्या. पुढे कळले की वस्तूंना हात लावण्यापेक्षा बंद, कोंदट खोलीतल्या हवेतून हा रोग अधिक पसरतो. श्वासाचा रोग असेल तेथे हे ध्यानात ठेवावे.

आधी फोन करून वेळ घ्यावी आणि गर्दी कमी केव्हा असते ते विचारावे. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र पुरणार असेल तर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाऊ नये. रोग्याबरोबर एकच धडधाकट माणूस असावा. लहान मुले आणि म्हातारी माणसे घरी ठेवावीत. नंबर लागेपर्यंत बाहेर झाडाखाली किंवा ओट्यावर बसावे. नाक-तोंड पूर्ण झाकणारा चांगला मास्क लावावा. शक्य असेल तर एन-९५ वापरावा, तो साध्या रुमालापेक्षा कितीतरी बरा. गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. परत आल्यावर हात साबणाने धुवावेत.

आपल्यालाच ताप-खोकला असेल तर? तरीही गरज असेल तर जावे, पण आधी कळवून जावे. लपवून रांगेत बसू नये. त्या रांगेत गरोदर बाई असते, डायलिसिसचा रोगी असतो.

फोनवरून सल्ला घेण्याची सोयही आता आहे. मार्च २०२० मध्ये सरकारने त्याचे नियम केले आणि एप्रिलमध्ये ई-संजीवनी सेवा घरोघरच्या रोग्यांसाठी सुरू झाली. जुन्या दुखण्याची विचारपूस, गोळीचा डोस, तपासणीचा कागद दाखवणे, एवढ्यासाठी ती चांगली. पण फोनवरून छातीला नळी लागत नाही आणि पोट दाबून बघता येत नाही. डॉक्टरांनी ‘प्रत्यक्ष या’ म्हटले तर जावे.

साथीचाच आजार होऊन घरी असलेल्यानेही सावध राहावे. बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजन ९४ च्या खाली आला, दोन पावले चालून धाप लागू लागली, ओठ निळसर दिसू लागले किंवा रोगी गोंधळल्यासारखे बोलू लागला, तर एक तासही घरी काढू नये.

घरात कोण ठरवते?

हा प्रश्न नाजूक आहे, पण टाळता येत नाही. पुष्कळ घरांत दुखणे एकाचे असते आणि निर्णय दुसऱ्याचा. सुनेने पोटात दुखते म्हटले तर ‘बायकांचे असतेच’ असे होते. म्हातारे आजोबा स्वतःच म्हणतात, ‘आता माझे काय राहिले, माझ्यापायी मुलांना रोग नको.’ हे बोलणे मायेचे आहे, पण ते मान्य करून आपण गप्प बसलो तर ती माया राहत नाही. ज्याचे दुखणे त्याला नीट विचारावे, आणि मग वरचे तीन ढीग त्याच्यापुढे मांडून सर्वांनी मिळून ठरवावे.

कोणी म्हणतात, ‘देवावर भरवसा आहे, दवाखाना कशाला?’ त्यांना एवढेच सांगतो की बायबलमधील बेनसिराच्या ग्रंथात वैद्य आणि औषध ही देवाचीच देणगी मानली आहे. प्रार्थना करून गाडी बोलवावी. दोन्हीत विरोध नाही.

भीती जुनी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे इकडेही पसरला, तेव्हा सक्तीच्या झडत्यांच्या धास्तीने लोकांनी आजारी माणसे घरात लपवली. त्याच प्लेगमध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांना आपल्या मुलाच्या दवाखान्यात पोहोचवत होत्या. त्यातच त्यांना रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या काळी प्लेगवर औषध नव्हते. आज आपल्या हाती पुष्कळ काही आहे. ते वापरण्यासाठी दवाखान्यापर्यंत पोहोचावे मात्र लागते.

आजच करून ठेवावे

एका वहीच्या पानावर घरातल्या प्रत्येकाचे नाव, वय, जुने दुखणे आणि चालू गोळ्या लिहाव्यात. त्याखाली आरोग्य केंद्र, आशाताई, नेहमीचे डॉक्टर आणि रात्री गाडी काढू शकेल अशा दोघा शेजाऱ्यांचे फोन नंबर लिहावेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच. रोजच्या गोळ्या एक महिना पुरतील इतक्या नेहमी घरात असाव्यात. तायी कार्ड, लसीचे कार्ड, आधार आणि जुने रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवावेत. सीमेपलीकडे उपचार चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी त्या पिशवीत हवीच. २०२१ साली कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे कोरोना तपासणीचा दाखला मागत होते, हे पुष्कळांना आठवत असेल. अशा वेळी हातातला कागदच उपयोगी पडतो.

आणि दर रविवारी चर्चमधून घरी जाताना शेजारी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची गोळी संपली नाही ना, एवढे विचारावे. या कामाला साथीची वाट पाहायला नको.